इंग्रजीत एकटा 'यू' कसा उरला

'यू आर इन्व्हायटेड' एवढीच ओळ आली, तर एकट्याने जायचं की घरच्या सगळ्यांनी, हे त्या ओळीवरून समजत नाही. तू, तुम्ही आणि आदराचं आपण या तिघांचा भार एकटा 'यू' वाहतो. पण इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एकाला 'थू', अनेकांना 'ये' आणि नेमक्या दोघांना 'यित' म्हणत. 'आम्ही दोघं'साठी 'वित' होतं. संस्कृतातल्या आवाम्, युवाम् यांचीच ही भावंडं. हे द्विवचन तेराव्या शतकाच्या सुमारास लोपलं. त्याच काळात फ्रेंचांच्या वळणाने एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचनी हाक मारायची रीत आली आणि 'थू'चं झालेलं 'दाउ' धाकट्यांसाठी, नोकरांसाठी उरलं. 1603 साली इंग्लंडचा दर्यावर्दी सरदार वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याला मुद्दाम 'दाउ' म्हणाला आणि मी तुला 'दाउ'च म्हणतो, असं वर ठणकावून सांगितलं. आपल्याकडे भांडणात 'अहो'चं 'अरे' होतं, तसंच हे.

पुढे त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी राजा असो वा रंक, सगळ्यांना 'दाउ' म्हणायचा आग्रह धरला आणि त्यापायी मार खाल्ला. बाकी समाजाने मात्र कुणाचा अपमान नको म्हणून सरसकट 'यू', म्हणजे जुन्या 'ये'चंच दुसरं रूप, धरला. मग अनेकवचनाची अडचण जाणवू लागली. अमेरिकेच्या दक्षिणेतलं 'यॉल' (म्हणजे 'यू ऑल') हे तिथल्या बोलीने स्वतःच घातलेलं ठिगळ आहे, आणि मला ते फार आवडतं.

'तो की ती' माहीत नसेल तेव्हा एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून चालत आलंय. तरी व्याकरणकारांनी इंग्रजी 'ही'चा, म्हणजे 'तो'चाच, हट्ट धरला. 1884 मध्ये सुचवलेलं 'थॉन' हे नवं सर्वनाम 1934 च्या वेब्स्टर कोशात आलं, 1961 च्या आवृत्तीत गळलं. ठरवून घडवलेलं सर्वनाम रुजणं किती अवघड, ते यातून दिसतं.

'वी'चं मात्र निराळं आहे. 'आम्ही जेवायला निघालोय' म्हटलं की ऐकणारा घरी राहतो आणि 'आपण निघालोय' म्हटलं की तो चपला घालतो. तमिळमध्येही 'नांगळ' आणि 'नाम' असा हाच भेद आहे. इंग्रजीत तो जुन्या काळीही नव्हता, त्यामुळे 'वी आर गोइंग' ऐकणाऱ्याला आपण त्यात आहोत की नाही, हे विचारूनच घ्यावं लागतं.