डास चावल्याचं निमित्त

डास चावला की गांध उठते, खाजते आणि दोन दिवसांत जाते. पण काही मोजक्या मुलांत तीच जागा टम्म सुजते, फोड येतो, मग मधलं कातडं काळं पडून जखम होते आणि वर सणकून ताप. घरचे म्हणतात अ‍ॅलर्जी. डासाची लाळ मात्र नुसतं निमित्त असते, खरा प्रकार म्हणजे एपस्टीन-बार व्हायरस रक्तातल्या एनके पेशींमधे, म्हणजे व्हायरसशी लढायला ठेवलेल्या पेशींमधेच, ठाण मांडून बसलेला असतो. अशा मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं कारण त्यातल्या काहींना पुढे लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, होतो.

लगेच घाबरू नका. हा व्हायरस जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात आहे, एरवी तो बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींमधे गपचूप पडून असतो. व्हायरस असणं आणि कॅन्सर होणं यात फार मोठं अंतर आहे, आणि लिम्फोमा झालेल्या माणसाला हात लावून तो कुणाला होत नाही.

लिम्फोमाशी नातं असलेला दुसरा व्हायरस म्हणजे एचटीएलव्ही-१. १९८० मधे अमेरिकेत रॉबर्ट गॅलोंच्या लॅबला त्वचेचा लिम्फोमा समजून उपचार चाललेल्या पेशंटच्या पेशींमधे तो सापडला, माणसातला पहिला रेट्रोव्हायरस (पेशीच्या डीएनएमधे स्वतःचे जीन्स घुसवणारा व्हायरस), एचआयव्हीच्याही आधी! त्याने होणारा आजार, म्हणजे टी पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, जपानी डॉक्टरांनी १९७७ मधेच नोंदवला होता, पेशंट बहुतेक नैऋत्य जपानचे, आणि मायक्रोस्कोपखाली त्यांच्या टी पेशींचं केंद्रक पाकळ्या फुटल्यासारखं दिसायचं, म्हणून नावच पडलं फ्लॉवर सेल. यातल्या निम्म्याएक पेशंटच्या त्वचेवर चट्टे किंवा गाठी येतात. हा व्हायरस आपले जीन्स टी पेशीच्या डीएनएमधे चिकटवतो, पेशी दुभंगली की तेही सोबत जातात. तान्ह्या बाळाला आईच्या दुधातून लागण होते आणि कॅन्सर उगवतो पन्नाशी-साठीत, तोही शंभरात साधारण पाच जणांना. नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायकांची टेस्ट करून, व्हायरस असेल तर बाळाला अंगावर पाजू नका असं सांगायला लागले, तर बाळांमधली लागण सुमारे २० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आली. मला हे फार मोठं काम वाटतं.

आणि इम्युनिटीचा पहारा किती महत्त्वाचा ते बघायचं तर एपस्टीन-बारमुळे त्वचेवर किंवा तोंडात होणारा एक व्रण बघा. इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असलेल्यांना तो होतो, बायोप्सीत चक्क लिम्फोमासारखा दिसतो, आणि डॉक्टरांनी त्या औषधाचा डोस कमी केला की बऱ्याचदा केमो न देताच भरून येतो.