परदेशी खात्यात गेलेल्या पैशांचा माग: बँकेकडून कागदपत्रं मिळवण्याचा अर्ज

पैसे लंडनच्या एका खात्यात गेले एवढंच कळलंय. खातं कुणाचं, पैसे पुढे कुठे गेले, हे बँक सांगत नाही. सांगणारही नाही, कारण ग्राहकाची गोपनीयता सांभाळणं तिच्यावर बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये 1924 च्या टूर्नियर निकालाने हे पक्कं केलं. त्याच निकालात अपवादही आहेत आणि त्यातला एक म्हणजे कायद्याची सक्ती, उदाहरणार्थ कोर्टाचा आदेश. फसवणूक कळताच बँकेला एक लेखी सूचना जरूर द्या, पण उत्तराची वाट बघत बसू नका. इंग्लंडच्या कोर्टात जा.

तिथे दोन प्रकारचे आदेश मिळू शकतात. पहिला, गैरकृत्य करणाऱ्याचं नाव सांगायला लावणारा, नॉर्विच फार्माकल निकालावरून. हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा, 1973 चा निकाल. कुणीतरी गैरकृत्य केलंय, बँक नकळत का होईना त्यात ओढली गेलीय आणि गुन्हेगाराचं नाव तिच्याकडे असण्याचा संभव आहे, एवढं दाखवावं लागतं.

दुसरा आदेश बँकर्स ट्रस्ट निकालावरून, 1980 चा. न्यूयॉर्कमध्ये बनावट चेकांवर 10 लाख डॉलर उचलले गेले आणि त्यातले 7 लाखांहून जास्त लंडनच्या एका बँकेत पोचले. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्या खंडपीठाने त्या बँकेला खात्याचा पत्रव्यवहार, चेक, ट्रान्सफरचे अर्ज दाखवायला लावले. इथे मात्र फसवणुकीचा आणि पैसे आपलेच असल्याचा पुरावा भक्कम लागतो, कारण निर्दोष ग्राहकाची गुपितं उघडी पडण्याचा धोका असतो.

बँकच इंग्लंडबाहेर असेल तर? 1986 च्या मॅकिनन निकालानंतर इंग्लिश कोर्टं इथे फार जपून वागायची. 1 ऑक्टोबर 2022 पासून नियमातच वाट झाली: खरा प्रतिवादी कोण किंवा आपल्या मालमत्तेचं काय झालं, हे जाणण्यासाठी देशाबाहेरच्या तिसऱ्या पक्षावर अर्ज बजावायची परवानगी मागता येते. अट अशी की मूळ दावा इंग्लंड-वेल्समध्ये चालू असावा किंवा तिथे लावायचा इरादा असावा. बँक अमेरिकेत आणि खटला दुसऱ्या देशात असेल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याचं कलम 1782 बघा, त्याखाली तिथल्या कोर्टाकडून कागद मागता येतात. ज्या फेडरल कोर्टात अर्ज करायचा त्याच्या जिल्ह्यात बँक असावी आणि कागद परदेशी कोर्टासाठी हवे असावेत. खासगी लवादासाठी हे कलम चालत नाही, असं 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.

इंग्लंडच्या अर्जासोबत साक्षीचं लेखी निवेदन, पुराव्याच्या प्रती आणि आदेशाचा मसुदा जोडतात. माझ्या मते सगळ्यात कामाचा कागद म्हणजे तुमच्या बँकेने पाठवलेल्या पेमेंट मेसेजची प्रत. त्यात तारीख, रक्कम, लाभार्थीचा खाते क्रमांक असतो आणि यूईटीआर नावाचा 36 अक्षरांचा माग-क्रमांकही असतो. पावतीच्या स्क्रीनशॉटवर भागवू नका, ही प्रत बँकेकडून मागून घ्या.

मागणी नेमकी ठेवा. ‘या खात्याची सर्व कागदपत्रं’ असं लिहिलंत की न्यायाधीश भुवया उंचावतात. त्यापेक्षा अमुक तारखेपासूनची स्टेटमेंट, खातं उघडतानाचा अर्ज व केवायसी, आणि तुमची रक्कम ज्या खात्यांत वळवली त्यांचे तपशील, असं मागा.

खातेदाराला सुगावा लागला तर पैसे काही मिनिटांत पुढे सरकतात. म्हणून अर्ज बहुधा त्याला न कळवता करतात आणि बँकेनेही त्याला सांगू नये असा आदेश सोबतच मागतात. समोर कुणी नसल्यामुळे आपल्या विरोधात जाणारी बाबही आपणच कोर्टापुढे ठेवायची असते. ती लपवली तर मिळालेला आदेशही रद्द होऊ शकतो.

बँकेला शत्रू समजू नका. ती बहुतेक वेळा विरोधही करत नाही आणि संमतीही देत नाही, तिला फक्त कोर्टाचा कागद हवा असतो. तिचा वाजवी खर्च मात्र अर्जदारानेच भरायचा. शिवाय आदेशामुळे नुकसान झालं तर भरपाईची हमीही द्यावी लागते. मिळालेली माहिती आदेशात नमूद कामासाठीच वापरता येते. दुसऱ्या देशातल्या खटल्यात किंवा पोलिसांकडे ती द्यायची असेल तर तशी मुभा मसुद्यातच मागून ठेवा, नाहीतर परवानगीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.