आग्नेयेला छत्री, वायव्येला अँटेना

छत्रपती संभाजीनगरात उपग्रहाचा आणि जमिनीवरच्या मनोऱ्याचा असे दोन्ही डिजिटल टीव्ही घरात आणायचे, तर गच्चीवर दोन गोष्टी जवळजवळ एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. छत्रीचं तोंड आग्नेयेला, कारण दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. अँटेनाचं तोंड वायव्येला, कारण दूरदर्शनचा मनोरा म्हैसमाळच्या डोंगरावर आहे. एकीला साडेछत्तीस हजार किलोमीटरवरून सिग्नल येतो, दुसरीला डोंगरावरून, तीसेक किलोमीटरवरून. दोघींचे सिग्नल एकाच वायरीतून खाली येऊ शकतात, आणि दोन्हींना महिन्याचं भाडं नाही. एवढं सगळं मिळत असताना हे काम घरोघरी अर्धवट का राहतं, तर त्यामागचं साधं विज्ञान कुणी समजावून सांगत नाही म्हणून. ते इथे सांगतो.

आधी उपग्रहाकडे बघू. पृथ्वीभोवती ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला एका फेरीला पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो, म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी थांबलेला दिसतो. छत्री एकदा नीट लावली की पुन्हा फिरवावी लागत नाही, ती यामुळेच. मराठवाड्यातून हा उपग्रह कुठे दिसतो याचं गणित करता येतं. संभाजीनगर, लातूर आणि धाराशिवहून होकायंत्रावर साधारण १३५ ते १३६ अंशांवर, म्हणजे जवळपास नेमक्या आग्नेयेला. नांदेडहून १३८ अंशांच्या आसपास. क्षितिजापासूनची उंची संभाजीनगरला ५९ अंश, लातूर-नांदेडला ६१. सबंध मराठवाड्यात फरक एवढासाच. मोबाइलमधलं होकायंत्र वापरायला हरकत नाही, पण पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड आणि स्लॅबमधून वर आलेल्या सळया यांच्यापासून चार पावलं लांब जाऊन दिशा घ्या. लोखंडाजवळ सुई भलतीकडे जाते.

छत्री ६० अंशांवर लावली तरी ती तेवढी वर बघताना दिसत नाही, आणि इथे बरेच जण गोंधळतात. घरगुती छत्री म्हणजे मोठ्या खोलगट आरशाचा एका बाजूने कापून घेतलेला तुकडा असतो. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसणारी सिग्नल पकडणारी डबी, मधोमध न ठेवता खालच्या बाजूला ठेवता यावा आणि त्याची सावली छत्रीवर पडू नये, म्हणून ही रचना. त्यामुळे छत्रीची नजर तिच्या तोंडापेक्षा साधारण २५ अंश वर असते. उपग्रह ६० अंशांवर असेल, तर छत्रीचं तोंड जेमतेम ३५ अंश वर वळलेलं दिसेल. मागच्या पट्टीवर अंश छापलेले असतील तर हा हिशोब त्यात आधीच धरलेला असतो. तिथे सरळ ६० लावायचे.

समोर झाड किंवा शेजारची भिंत आड येते का, हे तपासायला सूर्यासारखं साधन नाही. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या नजरेतून नेमका या उपग्रहाच्या मागे येतो: मार्चमध्ये ११-१२ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना. त्या वेळी छत्रीच्या जागेवर कडुलिंबाची सावली पडत असेल, तर उपग्रहाचा सिग्नलही त्याच फांद्यांत अडकतो आहे असं खुशाल समजा. ऊन स्वच्छ पडत असेल तर वाट मोकळी आहे. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र तुटतं तेही यामुळेच. सूर्य स्वतः रेडिओ लहरींचा प्रचंड मोठा स्रोत आहे, आणि छत्री तेव्हा थेट त्याच्याकडे बघत असते. तो बिघाड नाही, आपोआप जातो.

आता पायाचं काम, आणि मराठवाड्यात माझ्या मते सगळ्यात जास्त छत्र्या इथेच बिघडतात. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची पकड जेमतेम तीन अंशांची असते. मधल्या बिंदूपासून दीड अंश सरकली की सिग्नल निम्म्यावर येतो. एक अंश म्हणजे किती, तर छत्रीची वरची कड खालच्या कडेच्या मानाने एक सेंटिमीटर पुढे-मागे होणं, बस. आता अंगणातल्या काळ्या मातीत पाइप रोवून त्यावर छत्री बसवली तर काय होईल, विचार करा. काळ्या मातीतली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइप दर ऋतूत थोडा कलतो. दिवाळीत स्वच्छ दिसणारा टीव्ही मे महिन्यात चौकोन-चौकोन होतो, आणि आपण नवा एलएनबी आणतो. बिचाऱ्या एलएनबीचा काही दोष नसतो. अंगणात रोवायचंच असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्या आणि काँक्रीट भरा.

माळवदाची गोष्ट वेगळी. मातीच्या धाब्यात बोल्ट धरत नाही आणि भोक पाडलं की तिथून गळती सुरू. अशा घरात दगडी भिंतीला ब्रॅकेट मारणं चांगलं. पत्र्याच्या छतावर छत्री लावूच नये. वावधान सुटलं की पत्रा थरथरतो आणि छत्रीही. सिमेंटचा स्लॅब असेल तर चार अँकर बोल्ट पुरतात, फक्त पाइप ओळंब्याने उभा आहे ना ते बघा. पाइप तिरका असेल तर छत्री उजवी-डावी फिरवताना तिची उंचीही बदलत राहते आणि सिग्नल सापडता सापडत नाही.

एलएनबी हा खरं तर एक छोटा रेडिओ आहे. उपग्रहाचा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, आणि तो तसाच वायरीत सोडला तर खाली येईपर्यंत फार क्षीण होईल. म्हणून एलएनबी त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करतो. फ्री डिशची ११०९० मेगाहर्ट्झची फ्रीक्वेन्सी वायरीत उतरते ती १३४० होऊन. सेटिंगमध्ये ९७५०/१०६०० असे आकडे भरायला सांगतात ते याचसाठी, आणि त्यात चूक झाली तर छत्री कितीही अचूक असो, टीव्हीला काही सापडत नाही. एलएनबीला लागणारी वीजही सेट टॉप बॉक्सच त्याच वायरीतून वर पाठवतो: उभ्या ध्रुवणासाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८.

ध्रुवण म्हणजे लहरीच्या कंपनाचा कल. फाटकाच्या उभ्या गजांमधून उभी धरलेली काठी सहज आत जाते, तिरपी धरली तर अडते, तसंच हे. गंमत अशी की, उपग्रहाला जे उभं ते आपल्याला उभं नसतं. तो आपल्या दक्षिणेला नसून आग्नेयेला असल्यामुळे त्याची उभी लहर मराठवाड्यात सुमारे ४० अंश कललेली पोचते. म्हणून एलएनबी त्याच्या कड्यात तेवढा फिरवावा लागतो. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. शेवटचे पाच-दहा अंश मात्र पडद्यावरची क्वालिटीची पट्टी बघत ठरवा. स्ट्रेंग्थची पट्टी नव्हे. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून एकूण किती आवाज येतोय; त्यात गोंगाटही आला, आणि छत्री उपग्रह नसलेल्या रिकाम्या आकाशाकडे असली तरी ही पट्टी भरलेली दिसते. क्वालिटी म्हणजे त्या आवाजातलं किती बोलणं कळतंय. काम दुसऱ्या पट्टीशी आहे.

या सगळ्याच्या मागे केवढा प्रवास आहे! १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांत २४०० गावांना टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. मराठवाड्याला खेटून असलेला तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा त्यात होता. त्या गावांत तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या उभ्या केल्या होत्या. तेव्हाची लहर ३५ सेंटिमीटरची होती, म्हणून छत्री एवढी मोठी लागे आणि जाळीची चालेही. आजची लहर पावणेतीन सेंटिमीटरची आहे, तिला हातभर छत्री पुरते.

पण लहान लहरीची एक किंमत मोजावी लागते. पावसाचा टपोरा थेंब काही मिलिमीटरचा, म्हणजे या लहरीच्या मापाच्या फार खाली नाही, आणि तो तिला शोषतो, विखुरतो. मृगाचा वळीव कोसळला की फ्री डिश काही मिनिटं जाते ती यामुळे. मनोऱ्याचा सिग्नल यूएचएफ पट्ट्यातला, अर्ध्या मीटरहून लांब लहरींचा. त्या लहरीला पावसाचा थेंब जाणवतसुद्धा नाही. गावाकडे वीज कोसळत असताना, नाल्याला पूर आलेला असताना बातम्या हव्या असतात, आणि नेमक्या तेव्हाच छत्री हात वर करते. दोन्ही वाटा ठेवाव्यात असं मी आग्रहाने म्हणतो, ते एवढ्यासाठी.

जमिनीवरून येणाऱ्या प्रक्षेपणाची स्थिती मात्र मराठवाड्यात सगळीकडे सारखी नाही. जुनं, मुंग्या दाखवणारं ॲनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने थांबवलं आणि २०२२ पर्यंत देशभरातले जवळपास सगळे तसले ट्रान्समीटर बंद केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत जाहीर झालं, त्यात महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं. म्हणजे संभाजीनगर आणि भोवतालच्या तालुक्यांनी दोन्हींचा विचार करावा. लातूर, नांदेड, हिंगोलीकरांनी छत्रीचं काम पक्कं करावं आणि अँटेनावर पैसे घालू नयेत. म्हैसमाळ शहरापेक्षा ३०० मीटरहून अधिक उंच आहे, त्यामुळे तिथून सरळ नजर ७० किलोमीटरच्या आसपास पोचते. मध्ये डोंगर आला तर कमी. अँटेना विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून आणा, गच्चीवर टीव्ही स्कॅन करून बघा, चॅनल सापडले तर दुकानात जा.

माळ्यावर पडलेली जुनी लांब काड्यांची अँटेना बहुतेक वेळा उपयोगाची नसते. ती व्हीएचएफची, म्हणजे आणखी लांब लहरींची, काड्या पाऊण मीटरच्या. यूएचएफला काडी लागते अर्ध्या लहरीएवढी, साधारण वीतभराहून थोडी जास्त. डिजिटलचा एक मोठा फायदा असा की, पूर्वी इमारतीवर आपटून उशिरा आलेल्या लहरीमुळे माणसाशेजारी त्याचं भूत दिसायचं, ते आता दिसत नाही. डीव्हीबी-टी२ माहिती हजारो बारीक उपलहरींत वाटून पाठवतं आणि प्रत्येक तुकड्यानंतर थोडी उसंत ठेवतं. उशिरा येणारा प्रतिध्वनी त्या उसंतीत विरून जातो. तोटा असा की, सिग्नल कमी होत गेला तर चित्र हळूहळू खराब होत नाही. शेवटपर्यंत लख्ख, आणि मग एकदम काळा पडदा. म्हणून ‘दिसतंय की’ म्हणून थांबू नका, क्वालिटी जेवढी वर नेता येईल तेवढी न्या. ती शिल्लक वादळात कामी येते.

आता एकच वायर. मनोऱ्याचे सिग्नल ८६२ मेगाहर्ट्झच्या खाली असतात, एलएनबीकडून येणारे ९५० ते २१५० मध्ये. मधे मोकळी जागा आहे, म्हणून दोघं एकाच वायरीत न भांडता राहतात. गच्चीवर एक डिप्लेक्सर, म्हणजे दुकानातला कम्बायनर, दोघांना एकत्र करतो. टीव्हीमागे तसाच दुसरा त्यांना वेगळं करतो. घेताना दोन गोष्टी बघा. उपग्रहाच्या तोंडातून वीज आरपार गेली पाहिजे, नाहीतर एलएनबी उपाशी राहील. अँटेनाच्या तोंडातून ती अजिबात जाता कामा नये, कारण बऱ्याच अँटेनांचं मधलं वेटोळं विजेच्या दृष्टीने चक्क शॉर्ट असतं. बॉक्स लगेच ‘एलएनबी शॉर्ट’ म्हणून ओरडतो. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर, ज्यावर ५–१००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, तो इथे चालत नाही.

वायर आरजी-६ घ्या, तांब्याच्या गाभ्याची मिळाली तर उत्तम. वरच्या फ्रीक्वेन्सीला शंभर मीटरमागे तीस डेसिबलच्या आसपास नुकसान होतं, म्हणजे वीस मीटरलाच सहा डेसिबल, सिग्नल चौथाई. उगीच भेंडोळं करून ठेवू नका. जोडांवर पाणी शिरू नये म्हणून रबरी टेप गुंडाळा, आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या. पाणी तिथून गळून जातं.

टीव्ही नवा असेल तर त्याच्या पाठीमागे कदाचित दोन्ही ट्यूनर आधीच असतील. आट्याचं तोंड उपग्रहाचं, दाबून बसवायचं तोंड अँटेनाचं. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढलं आहे, त्यामुळे खरेदी करताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा. उपग्रहाच्या सेटिंगमध्ये ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरून शोध लावा, बाकीच्या फ्रीक्वेन्सी नेटवर्क सर्च ओढून आणतो.

राहिली आभाळातली वीज. उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात ती माणसं आणि जनावरं घेऊन जाते, आणि गच्चीवरचा लोखंडी पाइप तिला आयती वाट देतो. पाइपला जाड तार जोडून ती थेट जमिनीतल्या अर्थिंगच्या दांड्यापर्यंत नेलीच पाहिजे. थेट तडाखा त्यानेही थांबत नाही. म्हणून आभाळ गडगडायला लागण्याआधी, ढग दाटलेले दिसताच, टीव्हीमागची वायर काढून ठेवा आणि प्लगही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नका, गच्चीवर तर जाऊच नका. आणि नुसता पाऊस असताना सिग्नल गेला, तर रिमोटवरून अँटेनाच्या चॅनलवर या; छत्रीचे नट तसेच राहू द्या.