पत्र्याची वाटी आणि वळलेली कडा: बिल्ल्याच्या डिझाइनची पार्श्वभूमी

बिल्ल्यावर काय उठून दिसेल हे बरंचसं त्याच्या बांधणीवर ठरतं, आणि ही बांधणी सव्वाशे वर्षं जवळपास तशीच आहे.

बिल्ल्याला इंग्रजीत 'बटन' म्हणतात; १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या शपथविधीसाठी निघालेली बटणं खरोखरच कोटाला शिवायची, धातूची होती. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लिंकन यांचा फोटो लोखंडी पत्र्यावर उतरवून, धातूच्या चौकटीत बसवून प्रचारात वापरला गेला. काम सुरेख होतं, पण प्रत्येक नग वेगळा बसवावा लागे.

ही अडचण सुटली ती सेल्युलॉइड या सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकमुळे. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरातल्या 'व्हाइटहेड अँड होग' कंपनीला जुलै १८९६ मध्ये बिल्ल्याचं पेटंट मिळालं. छापील कागदावर पारदर्शक सेल्युलॉइड ठेवायचं, दोन्ही पत्र्याच्या उथळ वाटीवर ताणून कडा मागे वळवायच्या आणि मागच्या बाजूला तारेची टाचणी अडकवायची. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी झालेल्या मॅकिन्ले आणि ब्रायन यांच्या लढतीत हे बिल्ले धडाक्याने खपले. पुढे थेट पत्र्यावर छपाई होऊ लागली. त्यात प्रत्येक रंगाचा हात वेगळा, म्हणून दोन-तीन सपाट रंग आणि जाड अक्षरं. काटकसरीतून आलेली ही शैली लांबून सर्वांत चांगली वाचता येते. १९६३ मध्ये हार्वे बॉल यांनी एका विमा कंपनीसाठी काढलेला पिवळा हसरा चेहरा याचा उत्तम नमुना आहे: तिथे बिल्ल्याचा गोल हाच चेहरा होतो.

आज सेल्युलॉइडच्या जागी पॉलिस्टर फिल्म आली, बाकी कृती तीच. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी ५८ मिमीचे बिल्ले करायचे तर कागद सुमारे ७० मिमी व्यासाचा कापावा लागतो. नेमकं माप बिल्ला दाबायच्या यंत्राच्या डायप्रमाणे (साच्याप्रमाणे) घ्यावं. पार्श्वभूमीचा रंग कापाच्या रेषेपर्यंत न्यावा, मजकूर मात्र मधल्या ५० मिमीतच ठेवावा, कारण त्याबाहेर पृष्ठभाग उताराला लागतो. किनारीलगत बारीक गोल रेघ टाळलेलीच बरी. कागद एक मिलिमीटर सरकला तरी ती एका बाजूला जाड, दुसरीकडे गायब दिसते.

कागद ९० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) पुरतो. जाड आर्ट पेपर घेतला तर वळलेल्या कडेचे थर फुगतात, मागची चकती नीट बसत नाही आणि बिल्ला उघडतो. यंत्राच्या पहिल्या दाबात वाटी, कागद, फिल्म. दुसऱ्या दाबात टाचणीची चकती. ती ठेवताना टाचणी आडवी आणि चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात येईल असं बघावं. खाली आली तर बिल्ला छातीवर पुढे झुकतो. इंकजेटची छपाई पूर्ण वाळल्याशिवाय दाबू नये, शाई फिल्मला चिकटते. आणि तयार बिल्ला पाण्याने धुऊ नये: पाणी कडेतून आत शिरतं, मग कागदावर डाग आणि पत्र्याला गंज.