गार्टर स्नेक चावला आणि बोट सुजलं, म्हणजे विष चढलं का?

अमेरिका आणि कॅनडात गार्टर स्नेक घरी पाळणारे बरेच लोक आहेत. अंगावर लांब पिवळसर पट्टे असलेला बारीक, चपळ साप, बहुतेकांना माहिती एवढीच की हा बिनविषारी. मग एखाद दिवशी तो चावतो, थोड्या वेळाने बोट लाल होऊन सुजतं, खाज सुटते आणि घरात सगळ्यांची घाबरगुंडी उडते.

खरं तर बिनविषारी हा शब्द इथे जरा ढोबळच आहे. नागासारखे पुढचे विषदंत गार्टरला नसतात, पण डोळ्याच्या मागे द्युव्हर्नॉय नावाची एक ग्रंथी असते आणि तिच्यातून जो स्राव येतो त्यात सौम्य विषारी प्रोटीन्स असतात. तो जोरात आत सोडायची सोय या सापाकडे नाही, मागच्या दातांपाशी तो नुसता झिरपतो, म्हणून बेडूक किंवा मासा तोंडात धरून चावत राहिलं तरच त्याचा उपयोग.

म्हणूनच माणसाला चावल्यावर खरा प्रश्न असतो की किती वेळ चावला. घाबरून चावलेला साप पटकन सोडतो, दोन-चार ओरखडे, थोडं रक्त, विषय संपला. पण तुम्ही मासा किंवा गांडूळ हाताळून हात न धुता पिंजऱ्यात घातला तर त्याला तुमचं बोट म्हणजे जेवणच वाटतं, आणि मग तो सोडत नाही, चघळत राहतो. म्हणजे जास्त त्रास रागावलेला साप नाही तर भुकेला साप देतो! वॉन्डरिंग गार्टर या पोटजातीचा असा लांबलेला चावा १९८१ साली शास्त्रीय नियतकालिकात नोंदवला गेलाय, त्यात सूज आली होती आणि कातडी काळीनिळी पडली होती.

चावला तर हिसका देऊ नका प्लीज, दात आत वळलेले असतात, तुमची कातडी फाटते आणि त्याचा जबडा दुखावतो, बिचाऱ्याने तर फक्त वास ओळखला होता. हात गार पाण्याखाली धरला की तो बहुतेक वेळा सोडतो. मग साबणाने धुवायचं, अंगठी लगेच काढायची (सूज चढल्यावर निघत नाही) आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवायचं. सूज सहसा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उतरते. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा सूज हातभर पसरली तर मात्र ॲलर्जी असू शकते, लगेच डॉक्टर गाठा.

आपल्याकडची नानेटी आणि दिवड याच्याच कुळातल्या, त्याही बिनविषारीच म्हणतात. पण याच कुळातला जपानचा यामाकागाशी एके काळी निरुपद्रवी समजला जायचा आणि त्याच्या चाव्याने माणसं दगावली आहेत. त्यामुळे वर लिहिलेलं सगळं ओळखीच्या, पाळलेल्या गार्टरपुरतंच धरा. शेतात किंवा अंगणात कुठलाही साप चावला आणि तो नक्की कोणता ते कळलं नाही, तर सूज येते का बघत बसू नका, सरळ दवाखाना.