‘आबाद’मधला ‘पा’

दौलताबाद, हैदराबाद, फैसलाबाद, जलालाबाद. शेवटच्या ‘आबाद’चा अर्थ विचारला की बहुतेक जण सांगतात, फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, म्हणून पाण्याचं गाव. ऐकायला पटतं. पण ‘आब’ बाजूला काढला तर उरलेल्या ‘आद’चं काय करायचं?

भाषातज्ज्ञ या शब्दाचं जुनं इराणी रूप ‘आ-पात’ असं मांडतात. त्यात ‘पा’ हा धातू आहे: राखणं, सांभाळणं. संस्कृतातल्या गोप, नृप, भूप या शब्दांतलाही हाच. पुढे फारसीत ‘प’चा ‘ब’ झाला, ‘त’चा ‘द’ झाला. राखलेली, म्हणूनच नांदती जागा, ती आबाद.

हाच ‘पा’ आपल्याकडे इतर वाटांनीही आलाय, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. बागवानातला ‘वान’ म्हणजे फारसी ‘बान’, त्याआधीचा ‘पान’, राखणारा. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाच्या नावासोबत कोरलेली ‘क्षत्रप’ ही पदवीसुद्धा मूळची इराणी. अर्थ, राज्य राखणारा.

मग पाण्याचा समज इतका घट्ट का बसला? इराणच्या कोरड्या पठारावर पाणी आणल्याशिवाय गाव वसतच नाही. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची आणि तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा शेतांपर्यंत न्यायचा, या तिथल्या पाणी आणण्याच्या पद्धतीला ‘कनात’ म्हणतात. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर उभी भोकं पाडतात. उपसलेली माती त्यांच्या तोंडाभोवतीच पडते, त्यामुळे उंचावरून पाहिलं तर वाळवंटात कड्यांची रांग मांडल्यासारखी दिसते. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनानंच चालत येतं. अशा वस्तीला पुष्कळदा ती वसवणाऱ्या मालकाचं नाव मिळे आणि पुढे ‘आबाद’ लागे. इराणात खेड्याला आजही ‘आबादी’ म्हणतात.

मराठवाड्यात मात्र गाव आणि पाणी आधी, ‘आबाद’ बरंच नंतर. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिला जमिनीखालच्या नहरीनं पाणी दिलं. नावात ‘आबाद’ आलं ते औरंगजेबाच्या सुभेदारीत, १६५३ मध्ये. आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच.

मराठीत भरभराट झाली की ‘आबादीआबाद’ म्हणतात. याच्या विरुद्ध अर्थाचा ‘वैराण’ हाही फारसी ‘वीरान’वरूनच आलेला. अफगाणिस्तानात आभार मानताना ‘खाना आबाद’ म्हणतात. तिथे पाण्याचा काहीच संबंध नाही. घर नांदतं राहो, एवढंच.