लाकडांची बेगमी (कोकण)

लाकडांची बेगमी म्हणजे पावसाळ्याच्या आधी चुलीला आणि न्हाणीला चार महिने पुरेल एवढं जळण तोडून, फोडून, वाळवून मांगरात (शेतावरच्या खोपटात) नाहीतर पडवीत रचून ठेवणं. मालवणी मुलखात जळणाच्या लाकडांना फाटी म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास किंवा जास्तच पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, त्यामुळे मृग लागायच्या आत जे आत आलं तेच आपलं, बाहेर राहिलेली लाकडं पुढे दिवाळीपर्यंत वाळत नाहीत. गॅस आता बहुतेक घरात आहे, पण आंघोळीचं पाणी, भात उकडणं, सणासुदीचं मोठं जेवण हे अजून लाकडावरच चालतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं लाकूड जंगलातून येतं. तसं फार कमी असतं, घरचं बरंचसं जळण परसातूनच आणि बांधावरूनच निघतं, आणि ते बागेची निगा राखता राखता निघतं. आंब्याची वाळकी फांदी, काजूच्या आत वाढलेल्या काटक्या, नारळाची वाळलेली झावळ, सोडणं (नारळाची वरची सालं), करवंट्या, बांधावरचं गिरिपुष्प (पाला खताला, काठी चुलीला). ऐन-किंजळीचं कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडतात ते भाजावळीसाठी, म्हणजे तरव्याची (भाताची रोपं करायची) जमीन भाजायला, पण त्यातल्या जाड काठ्या चुलीकडेच येतात. ऐन, किंजळ, साग यांना बुंध्यातून परत धुमारे फुटतात, सुरूचं झाड मात्र खालून तोडलं की सहसा फुटत नाही, म्हणून सुरू तोडताना दुसरं रोप आधीच लावलेलं असलं पाहिजे. ऐनावर पण दरवर्षी कोयती चालवली तर झाड खुरटतं, आलटून पालटून तोडावं आणि शेंडा ठेवावा.

झाडावर हात टाकायचा तर पहिली नजर बांडगुळावर. आंब्यावर हे फार येतं, फांदीत मूळ घालून तिचा रस ओढतं, नुसतं वरून ओरबाडलं तर परत फुटतं, म्हणून फांदीच बांडगुळाच्या खालून कापायची. दुसरं भिरूड, म्हणजे खोडकिडा, बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की समजायचं आत अळी आहे, भोकात तार घालून ती काढतात.

जाड फांदी एका घावात कधीच कापू नये, हे मी स्वतः किंमत मोजून शिकलोय. आमच्या एका जुन्या रायवळची (गावठी आंब्याची) मांडीएवढी फांदी वरूनच कापायला घेतली, अर्धी कापून झाली आणि ती आपल्या वजनानेच तुटली ती खाली हातभर साल सोलत गेली, त्या जखमेत पाणी मुरून पुढच्या दोन पावसाळ्यात बुंधा पोकळ झाला, आजही बघितलं की वाईट वाटतं. बरोबर रीत अशी की आधी बुंध्यापासून हातभर लांब खालच्या बाजूने तिसरा हिस्सा कापायचा, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून फांदी पाडायची, आणि मग राहिलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतात, १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. नारळाचं वेगळं, त्याची फक्त पिवळी पडलेली आणि वाळलेली झावळ काढायची, हिरवी काढली की उत्पन्न घटतं.

आपल्या जमिनीतलं झाड म्हणून वाटेल ते तोडता येतं असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी कोकणातली मुख्य झाडं आहेत, ती मुळापासून तोडायची तर परमिशन लागते. डोंगरच्या डोंगर सरसकट उघडे करून लाकूड ट्रकमध्ये भरतात ते बघून जीव तुटतो, घरच्या जळणाशी त्याचा काही संबंध नाही.

वादळाचं लाकूड ही वेगळीच गोष्ट. ३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते, दोन्हीत बागा झोपल्या, निसर्गच्या वेळी तर लगेच पाऊस लागला आणि लाकूड भरपूर पण वाळवायला ऊन नाही अशी गत. अशी पडलेली झाडं कापताना सांभाळायचं, वाकून दबलेल्या फांदीत ताण असतो, चेनसॉ लागताच ती उसळून अंगावर येते.

फोडायचं काम शिमग्याच्या आगेमागे. ओंडका ओला असतानाच फोडलेला बरा, कारण साल पाणी धरून ठेवते आणि फोडलेलं लाकूड दुप्पट लवकर वाळतं असा आमचा अनुभव. ओंडका उभा करून त्याच्या तोंडावरच्या चिरा बघायच्या, मधोमध घाव घालण्यापेक्षा कडेने ढलप्या काढत आत जायचं, गाठ आली तर कुऱ्हाड न अडकवता पाचर ठोकायची. फणस सरळ फुटतो, पांगारा फुटतो छान पण जळतो कागदासारखा, ऐन आणि सुरू मात्र निखारा धरतात.

रचताना खाली जांभ्याचे चिरे घालतात म्हणजे वाळवी सहज चढत नाही, आणि चळत भिंतीपासून वीतभर लांब, वारा खेळायला. हात घालण्याआधी लाकूड काठीने हलवायचं कारण फुरसं (विषारी साप) आणि विंचू याच जागी बसतात. पुढे काटक्या आणि झावळीचे तुकडे, रोज लागणारे, मग बारीक फाटी, आणि सगळ्यात मागे ऐनाची जाड फाटी, ती गणपतीत मोदकांचं आणि नैवेद्याचं मोठं पातेलं चढेल तेव्हा काढायची.